कापलेली नखं

देर्लिसची नखं कापलेली आहेत, ही बातमी देर्लिसच्या आधी स्वयंपाकघरात पोचली. बापाच्या मरणासाठी रजा मंजूर करायला सप्तसूर्य संघाने इतका विचार केला, की तो ताकुआरे चंद्राच्या बंदरावर उतरला तो थेट नवव्या दिवशी. फाटकापाशी माणसं त्याच्या गळ्यात पडली, आणि पडता पडता प्रत्येकाने त्याच्या बोटांकडे पाहून घेतलं.

आत निमिया आत्या उखळीत पाला कुटत होती. गेलेल्या कराईंची, म्हणजे देर्लिसच्या बापाची, ही थोरली बहीण. कराई गेले त्या दिवसापासून सत्तेची काठी हिच्याच खुर्चीला टेकवून ठेवलेली होती, आणि उठताबसता ती खुशाल तिचा आधार घेत होती. कारण विचारलं तर गुडघे.

"हात दाखव," मान वर न करता ती म्हणाली.

देर्लिसने दाखवले.

"कोणी कापली?"

"संघाच्या बंदरावर, निघताना. आरोग्य खात्याने. नखांत परकी माती अडकते म्हणे."

"आणि पायाची?"

"पायाची नाही कापली."

आत्याचं मुसळ थांबलं. "म्हणजे तिकडची माती हातांनी चालते." एवढं बोलून ती पुन्हा कुटू लागली. "बाहेर जा. सगळे तुझी वाट बघतायत. सांभाळून राहा, आज सगळेच तुझ्याशी गोड बोलणार आहेत."

देर्लिसला ते फाटकापाशीच कळलं होतं. ओवेलार घराण्यात प्रत्येक पिढीतलं एक मूल लहानपणीच हार्पला बसवतात. कोणतं, ते गळ्यावरून ठरत नाही. ज्याचं पुढे काय करायचं हा प्रश्न घरच्यांना पडतो, ते. ज्याच्या हाती तार, त्याच्या हाती काठी नाही, हा पणजोबांच्या पणजोबांचा नियम. म्हणजे एक भांडणारा कमी झाला आणि लग्नाकार्याला वाजवणाराही घरचाच मिळाला. आपल्याकडची हार्प नखांनी वाजते, त्यामुळे लांब नखं हीच त्या माणसाची शपथ. आणि हार्पवाल्याने नखं कापली, तर त्याचा अर्थ ताकुआरेवर एकच होतो: हा काठी मागायला आला. फिदेलिना पणजीने एका सकाळी नखं कापली होती. संध्याकाळपर्यंत तिचे दोन्ही भाऊ हवापालटासाठी दुसऱ्या चंद्रावर राहायला गेले. ते परत आले नाहीत. हवा मानवली असावी.

देर्लिसला काठी नको होती. त्याला घरी राहायचं होतं आणि वाजवायचं होतं, आणि या दोन गोष्टी एकत्र मिळण्याची सोय नव्हती. मागच्या कराराच्या वेळी बापाने त्याला संघाच्या राजधानीत पाठवलं, 'पाहुणा' म्हणून. ओलिसाला संघाच्या भाषेत पाहुणा म्हणतात. तिथे तो जेवणावळीत वाजवायचा. लोक चघळता चघळता म्हणायचे, वा, फार पचनाला चांगलं आहे. आजची रजा, नवव्या दिवशी घरच्या हार्पवाल्याने गेलेल्या माणसासाठी जी शेवटची धून वाजवायची असते, ती संपेपर्यंतची होती. मग जहाज. काठी सिरिलोदादाला मिळो की ब्लासिदाताईला, कराराप्रमाणे पाहुणा परत पाठवावाच लागणार होता. काठीवाल्याला मात्र ताकुआरेची जमीन सोडता येत नाही. म्हणजे त्याने काठी मागितली, तर तो घरी राहील आणि हार्पला जन्मात हात लावणार नाही. धून वाजवली, तर हार्प त्याची राहील आणि तो उरलेलं आयुष्य परक्या लोकांचं अन्न पचवील.

अंगणात संत्र्याच्या झाडाखाली तेरेरेची फेरी बसली होती. शिंगाचा एकच पेला, त्यात कडू पाला, त्यात रुतवलेली नळी, वरून बर्फाचं पाणी. एकाने ओढायचं, पेला परत द्यायचा, वाढणाऱ्याने पुन्हा भरून पुढच्याला द्यायचा. वाढायचं काम घरातल्या सगळ्यांत धाकट्याचं. पण आज आत्याच काठी टेकत आली आणि घागर मांडीशी घेऊन बसली. हे काहीतरी विचित्र आहे असं सगळ्यांना वाटलं. सिरिलोदादाने पहिल्या घोटाआधी पेल्याचा वास घेतला.

"विष नाहीये रे," आत्या म्हणाली. "तुझ्यासाठी विष कोण वाया घालवतंय?"

सगळे हसले. सिरिलो सगळ्यांत शेवटी हसला आणि सगळ्यांत आधी थांबला. ताकुआरेचं आरमार त्याच्या हाताखाली होतं. त्यातली काही जहाजं उडतही असत.

फेरीत संघाचा राजदूत ओर्वेक थाल ताठ बसला होता. गोरापान, नीटनेटका माणूस. ताकुआरेच्या रीतीभातींवरचं जाडजूड पुस्तक त्याने वाचलं होतं, आणि हे तो कोणाला विसरू देत नसे.

"तेरेरेच्या फेरीत 'धन्यवाद' म्हणायचं नसतं," तो शेजारच्या ब्लासिदाताईला समजावून सांगत होता. तिचा जन्म या झाडापासून वीस पावलांवर झाला होता. "म्हटलं, की माणूस फेरीतून बाहेर पडला. मी ही चूक करणार नाही."

"छे छे, तुम्ही कसली चूक करताय," ताई म्हणाली. तिने दोन घोट घेतले, पेला परत देताना "धन्यवाद आत्या," म्हणाली आणि मोकळी झाली. दादाही सुटला. एकेक करून घरचे सगळेच सुटले. राजदूत तेवढा राहिला. त्याच्यापुढे पेला आला की तो अदबीने प्यायचा, अदबीने परत द्यायचा, आणि आत्या पुन्हा भरायची. आता फेरीत पिणारा तो एकटाच होता, त्यामुळे त्याची पाळी भराभर येत होती.

"चिपा घे की," म्हणत सिरिलोने देर्लिसला भट्टीमागे नेलं. चिपाच्या, म्हणजे चीजच्या भाजलेल्या पावांच्या, टोपलीकडे दोघांनीही पाहिलं नाही.

"नखं कापलीस," सिरिलो म्हणाला.

"कापली गेली."

"मला नको शिकवू. मी तुझा मोठा भाऊ आहे, तुझ्या खोट्या तापाची थर्मामीटरं मी गरम केलीयत." त्याने आवाज खाली आणला. "हे बघ, तू वाजव. कसंही वाजव. काठी माझ्याकडे आली की वर्षभरात तुला सोडवून आणतो. राजदूतांनी शब्द दिलाय."

"राजदूतांनी? कशाच्या बदल्यात?"

सिरिलोने इकडेतिकडे पाहिलं. "उंबरठ्यावर त्यांची चौकी बसेल. छोटीशी. दिसणारही नाही."

उंबरठा म्हणजे ताकुआरेपलीकडची ती जागा, जिथून जहाजं एका सूर्याच्या अंगणातून दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकतात. ओवेलार घराणं राज्य करतं ते या उंबरठ्यामुळे. बाकी चंद्रावर बर्फ, रताळी आणि नातेवाईक.

"आणि ब्लासिदाताई?"

"ती? ती विकली गेलीय रे," सिरिलो दुःखाने म्हणाला. "तिच्यावर विश्वास ठेवू नकोस."

देर्लिस तिथून निघाला तर तसबिरीपाशी ताईने गाठलं. बर्फाच्या खाणी तिच्याकडे होत्या, आणि बोलणंही त्याच मालाचं होतं.

"भट्टीमागे काय खलबत चाललं होतं?"

"चिपा."

"दादा तुला चिपा देतोय? लहानपणी तुझ्या ताटातली उचलायचा तो." तिने बापाच्या तसबिरीवरची धूळ पदरासारख्या घेतलेल्या काळ्या शालीने पुसली. धूळ नव्हती. "देर्लिस, तू मधे पडू नकोस. बोटं फुटली तरी वाजव. काठी मला मिळाली की तुला सहा महिन्यांत परत आणते. राजदूतांशी बोलणं झालंय माझं."

"दादा वर्षभर म्हणत होता."

ताईचा हात तसबिरीवर थांबला. "दादा काय म्हणत होता?"

"चिपा चांगली झालीय म्हणत होता."

तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. लहानपणी हरवलेली बाहुली कोणाच्या खाटेखाली असेल, हे ती असंच बघून ओळखायची. "उंबरठ्यावर त्यांची चौकी बसली, तर आपलं काय जातं?" ती अखेर म्हणाली. "उलट रात्री झोप लागेल."

जेवणाला घट्ट सूप होतं. आपलं सूप मक्याच्या पिठाचं आणि चीजचं, भाजलेलं, सुरीने कापायचं. मागच्या राजदूताने चमचा मागितला होता आणि त्याचं नाव ताकुआरेवर चमचाच राहिलं. ओर्वेक थालने सुरी मागितली, बारीक तुकडा कापला आणि कौतुकासाठी आजूबाजूला पाहिलं. कौतुक आत्याने केलं, म्हणजे पेला पुढे केला. जेवतानासुद्धा. तो प्यायला.

मग तो देर्लिसच्या शेजारी येऊन बसला. बसताना जरा जपून बसला.

"आपल्या नखांबद्दल मला खेद आहे," तो म्हणाला. "आमचं आरोग्य खातं कधी कधी फार काटेकोर असतं."

"फक्त हातांच्या बाबतीत."

राजदूत हसला. "पण खेदातून संधीही निघते. काठी मागा. आपल्या भावंडांना दूरदृष्टी नाही. संघ आपल्या पाठीशी उभा राहील. उंबरठ्यावर एक छोटी चौकी, बस. आणि आपण घरी."

देर्लिसने सूपचा तुकडा तोंडात टाकला म्हणजे लगेच बोलावं लागू नये. अडत्याने एकाच गाईचा सौदा तीन गिऱ्हाइकांशी करावा, तसा हा माणूस करत होता. दोन दावेदार असते तर कोणी एक जिंकला असता, आणि जिंकलेला माणूस शब्द विसरतो. तिसरा उभा राहिला की घर तीन तुकड्यांत फाटणार, आणि जो कोणी वर येईल तो संघाचा हात धरूनच येणार. त्यासाठी कात्री लागली, ती एक.

आणि तरीही सौदा चांगला होता, हेच वाईट होतं. घरी राहायला मिळत होतं. संत्र्याचं झाड होतं. एवढंच की हार्प कोपऱ्यात उभी राहिली असती, आणि तिच्यावरून कोणीतरी रोज धूळ पुसली असती.

"विचार करतो," तो म्हणाला.

"जरूर," राजदूत म्हणाला. "आपल्याकडे धून किती वेळ चालते हो साधारण? पुस्तकात वेळ दिलेली नाही."

"का? घाई आहे?"

"नाही, नाही," म्हणत त्याने पायावर पाय टाकला. मग काढला. मग दुसरा टाकला.

तेवढ्यात प्रार्थनेची घंटा झाली आणि अंगणातली सगळी माणसं तसबिरीपुढे बाकांवर बसली. राजदूत घराकडे दोन पावलं गेला होता. आत्याने त्याचा दंड धरला. "अहो, इकडे कुठे? तुमचा मान पहिल्या बाकाचा." पहिल्या बाकाला मागे भिंत होती, बाजूला सिरिलो आणि ब्लासिदा.

प्रार्थना लांबली. गेलेल्या माणसाचे गुण सांगायचे असतात, आणि कराईंच्या बाबतीत ते शोधायला वेळ लागतो. मग आत्या उभी राहिली आणि तिने रीत सांगितली. सगळ्यांना माहीत असलेली रीत सगळ्यांना पुन्हा सांगणं हीसुद्धा रीतच. ज्याला या घराकडे काही मागायचं आहे, त्याने धुनेआधी मोठ्याने मागावं. मग हार्प वाजेल. हार्प वाजतेय तोवर कोणी उठायचं नाही. जो उठला त्याचं मागणं गेलं.

देर्लिसचे एक चुलत आजोबा धून चालू असताना कोंबडी हाकलायला उठले होते आणि अख्खं हिमखोरं घालवून बसले. त्या खोऱ्याला अजून कोंबडीखोरं म्हणतात.

"काठी," सिरिलो म्हणाला.

"काठी," ब्लासिदा म्हणाली.

"सप्तसूर्य संघ मागतो," राजदूत बसूनच म्हणाला, "पाहुण्याची परतपाठवणी, आणि उंबरठ्याच्या कराराचं नूतनीकरण."

"आणि तू?" आत्याने देर्लिसकडे पाहिलं. "वाजवणार, की मागणार?"

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. सिरिलोच्या डोळ्यांत वर्ष होतं, ब्लासिदाच्या डोळ्यांत सहा महिने. राजदूताने डोळे मिटले होते. ओठही.

देर्लिसला एकदम ते मिटलेले ओठ दिसले. मग गुडघ्याला चिकटलेला गुडघा दिसला. बाकाची कड धरलेली बोटं दिसली. पांढरी पडली होती. त्याने आत्याकडे पाहिलं. आत्या अगदी दुसरीकडे, संत्र्याच्या झाडाकडे पाहत होती, जणू तिथे पहिल्यांदाच संत्री लागली होती.

"वाजवणार," तो म्हणाला.

डावीकडून एक सुस्कारा आला, उजवीकडून एक. राजदूताने डोळे उघडले. त्यात निराशा होती, पण फार काळ राहिली नाही. दुसऱ्या कशाला तरी तिथे जागा हवी होती.

नखांशिवाय पहिला सूर आला तो सूर नव्हताच. पिकलेलं फळ गवतावर पडावं तसं काहीतरी. पलीकडच्या बाकावर कोणीतरी खाकरलं. दुसरा, तिसरा, मग बापाची धून सुरू झाली, दबकी, कुजबुजल्यासारखी, आणि ऐकायला यावी म्हणून सगळी माणसं पुढे झुकली. राजदूतही रीतीखातर झुकला, आणि चटकन पुन्हा सरळ झाला.

धून कधी संपवायची ते हार्पवाल्याने ठरवायचं असतं. देर्लिसने ठरवलं नाही. त्याने बापाच्या लहानपणाचा भाग वाजवला, मग तरुणपणाचा, मग परत लहानपणाचा, काही राहिलं असेल म्हणून. तार बोटाच्या मांसात शिरत होती. अंगठा आधी फुटला, मग मधलं बोट. राजधानीत त्याने कधी इतकं वाईट वाजवलं नव्हतं, आणि तिथे कोणी कधी असं ऐकलंही नव्हतं. मग त्याने खर्जाच्या तारांवर थंडीच्या शेवटी बर्फ वितळतं तो भाग काढला. पागोळ्या, मग ओढा, मग धबधबा.

"हा भाग आवश्यक आहे का?" राजदूत दातांमधून म्हणाला.

"शूऽऽ," म्हातारी माणसं एका सुरात म्हणाली.

धबधब्याला पुन्हा पाणी आलं. देर्लिसच्या तारा आता ओल्या आणि निसरड्या झाल्या होत्या, चौथं बोट कामातून गेलं होतं, आणि आपण आणखी फार वेळ काढू शकणार नाही हे त्याला कळत होतं. दोघांपैकी कोणीतरी एक सोडणार होता. त्याने दात आवळले. समोर तेच चाललं होतं. एक क्षण त्या दोघांची नजरानजर झाली, आणि देर्लिसला त्या माणसाची कीव आली. त्याने धबधबा तिसऱ्यांदा सुरू केला.

ओर्वेक थाल उठला. सिरिलोच्या पायावर पाय देऊन, बाकावरून उडी मारून, संत्र्याच्या झाडामागे न थांबता थेट घरात गेला. सप्तसूर्यांच्या इतिहासात इतका चपळ राजदूत झाला नसेल.

देर्लिसने शेवटचा सूर लावला आणि हात मांडीत घेतले.

राजदूत परत आला तेव्हा चेहऱ्यावर शांती होती. मग त्याने सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि ती गेली.

"बसा, बसा," आत्या म्हणाली. "आता काही घाई नाही तुम्हाला. मागणंच राहिलं नाही."

"हे ग्राह्य धरता येणार नाही. ही... ही नैसर्गिक बाब होती!"

"कोंबडीसुद्धा नैसर्गिकच होती," आत्या म्हणाली. "का, पुस्तकात नव्हतं हे?"

"होतं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "शेवटच्या प्रकरणात."

पाहुण्याची परतपाठवणी गेली, करार गेला, आणि उंबरठ्यावरची छोटीशी चौकीही गेली. सिरिलोचा चेहरा उतरला. त्याच क्षणी ब्लासिदाचाही उतरला. उतरलेला चेहरा लपवायला दोघं एकमेकांकडे वळली, आणि दोघांनी तो पाहिला.

"तुझं का तोंड पडलं?" ब्लासिदाने विचारलं.

"तुझं का पडलं?"

"मी आधी विचारलं."

"तुला किती महिने सांगितले होते त्याने?"

"तुला सांगितले होते?"

त्यानंतर काठी कोणाला द्यावी यावर मत घ्यायला कोणी तयार होईना. दादाला ताईने नाकारलं, ताईला दादाने. बाकीच्यांनी दोघांनाही नाकारून घेतलं, संधी परत यायची नाही म्हणून.

"मग राहू दे तोवर माझ्याकडे," आत्या म्हणाली. "गुडघ्यांना तेवढंच." एवीतेवी काठी तिच्याच हातात होती.

संघाचं जहाज वर जाऊन ठिपका झालं, तेव्हा देर्लिस स्वयंपाकघरात पाण्यात बोटं बुडवून उभा होता. पाणी गुलाबी झालं होतं. फडताळापाशी उखळी तशीच पडली होती, न धुतलेली. तिच्या बुडाशी हिरवा लगदा आणि काही देठं राहिली होती, पेरापेरांची, पोकळ. त्याने एक उचलून पाहिलं. घोडशेपूट. मुतखड्यासाठी बाप ती प्यायचा, दिवसभर मोरीच्या फेऱ्या मारायचा, आणि त्या दिवशी दरबार भरत नसे.

"आत्या," तो म्हणाला, "पायाच्या नखांचं तू मला विचारलंस. त्याच्या आधीच कुटत होतीस तू हे."

"हो का?"

"म्हणजे माझी नखं कापलीयत हे तुला मी यायच्या आधी कळलं होतं."

"सगळ्यांनाच कळलं होतं."

"आणि कापणार आहेत, हे?"

आत्या चुलीपाशी काठी टेकवून खाली बसली आणि घागर जवळ ओढली. "वाढतील नखं," ती म्हणाली. "रोज थोडा थोडा वाजव. मांसाने वाजवलंस तरी चालेल, वाईट नव्हतं ते. पण काठीकडे बघू नकोस."

"बघत नाहीये."

"बघत होतास."

तिने पेला भरला आणि त्याच्यापुढे केला. देर्लिसने तो फुटलेल्या बोटांनी घेतला. आधी वास घेतला, मग प्यायला.